तीळ जाळला, पुरावाही जळाला

‘तीळ, मस, चामखीळ काढून मिळेल. टाका नाही, डाग नाही, दहा मिनिटांत मोकळे.’ अशा मजकुराच्या पाट्या आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत दिसतात. काही पाट्यांमागे त्वचारोगतज्ज्ञ बसलेले असतात, काहींमागे चार आठवड्यांचा कोर्स केलेले ‘स्किन एक्स्पर्ट’. हातातले यंत्र बहुधा एकाच जातीचे असते: विजेच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने त्वचा जाळणारी सुई. लग्नसराई जवळ आली की गर्दी वाढते. तीळ जातो, खपली धरते, गिऱ्हाईक खूश होते. एक गोष्ट मात्र राहून जाते. जे काढले ते नेमके काय होते, हे कोणी पाहत नाही. मागाहून शंका आली तरी पाहता येत नाही, कारण पाहायला काही उरलेलेच नसते.

बहुसंख्य तीळ निरुपद्रवी असतात, हे खरेच. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचे ते लहानसे पुंजके. याच पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा, आणि भारतात तो दुर्मीळ आहे. वर्षाला लाख लोकसंख्येमागे एक नवा रुग्णही भरत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हेच प्रमाण तिसाच्या वर आहे. आपली बेफिकिरी या आकड्यावर उभी आहे. पण सावळ्या त्वचेचे संरक्षण उन्हाविरुद्धचे आहे. तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा इथे होणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये या प्रकाराचे वेगळे वर्णन केले. पुढच्याच वर्षी जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो सापडला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते गेले. आपल्याकडच्या मेलॅनोमात याच प्रकाराचा वाटा मोठा आहे. तळपायावर काळा डाग वाढू लागला तर आपण काय करतो? कुरूप समजून औषधी पट्टी चिकटवतो, नाहीतर ब्लेडने तासतो. नखाखाली असेल तर ‘ठेच लागून रक्त साकळले असेल’ म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहतो. असा रुग्ण पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाची गरजही पडू नये इतका आजार उघड झालेला असतो.

म्हणून हा प्रश्न सौंदर्यप्रसाधनाच्या सदरात ढकलून चालणार नाही. तो निदानाचा प्रश्न आहे. आणि ज्यांना वाटते की तुकडा एकदा प्रयोगशाळेत पाठवला की काम संपले, त्यांच्यासाठी याहून अस्वस्थ करणारी बातमी पुढे आहे.

काढलेला तीळ आधी फॉर्मॅलिनमध्ये पडतो, मग पॅराफिन मेणात बसवून त्याचा ब्लॉक बनतो. मायक्रोटोमच्या पात्यावर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने उरलेले सगळे गुलाबी. पाच मिलिमीटरचा तीळ या कडेपासून त्या कडेपर्यंत कापत गेलो तर हजारेक काप निघतील. काचपट्टीवर येतात ते त्यातले मोजके. त्या मोजक्यांवर निकाल द्यायचा असतो.

पॅथॉलॉजिस्ट आधी कमी वर्धनाच्या भिंगातून नुसती आकृती पाहतो. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कडा नीट संपते की विरघळत जाते? पेशींचे पुंजके बाह्यत्वचेच्या खाली उतरलेल्या टोकांशी नेटके बसले आहेत, की मधल्या जागाही व्यापून एकमेकांत मिसळले आहेत? मग भिंग बदलते. खोल जाताना पेशी लहान होत जातात का? साध्या तिळात त्या तशा होतात. मेलॅनोमात तळाशीही वरच्याइतक्याच मोठ्या, दांडग्या राहतात. एकट्या-दुकट्या पेशी बाह्यत्वचेत वर चढताहेत का? खोलवर विभाजन चालू आहे का? पुंजके त्वचेच्या सीमेवरच असले तर तीळ ‘जंक्शनल’, सीमेवर आणि खाली दोन्हीकडे असले तर ‘कंपाउंड’, सगळे खाली उतरले असले तर ‘इंट्राडर्मल’. वय वाढते तसा तीळ बहुधा याच क्रमाने खाली सरकतो. वर्गीकरणाचा हा भाग सोपा. यावर भांडणे होत नाहीत.

भांडण सुरू होते ते मधल्या मुलुखात, कारण वरच्यातला एकही निकष स्वतःच्या बळावर पुरेसा नाही. तळपायावरच्या अगदी साध्या तिळातही पेशी वर चढलेल्या दिसू शकतात. गरोदर स्त्रीच्या तिळात एखादे विभाजन सापडू शकते. लहान मुलांमधले काही तीळ तर पुस्तकातल्या मेलॅनोमासारखेच दिसतात आणि मूल पुढे ठणठणीत राहते. न्यूयॉर्कच्या पॅथॉलॉजिस्ट सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये अशा १३ मुलांचा अभ्यास मांडला आणि आजाराला नाव दिले ‘बालवयातला मेलॅनोमा’. त्यातली बारा मुले चांगली राहिली, एक दगावले. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली भीषण दिसणारे सगळेच भीषण नसते. पण त्या तेरांतले ते एक मूल आधी ओळखता आले नव्हते, हेही तितकेच खरे. आज आपण त्या तिळाला स्पिट्झ यांचेच नाव देतो, त्याचे उपप्रकार करतो, जनुकीय चाचण्या लावतो. तरी ‘स्पिट्झ की मेलॅनोमा’ हा प्रश्न अजूनही पॅथॉलॉजिस्टची झोप उडवतो.

दुसरे भांडण १९७८ चे. फिलाडेल्फियात वॉलेस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलॅनोमा पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या काही कुटुंबांतले चमत्कारिक तीळ वर्णिले. त्यातून ‘डिस्प्लास्टिक नीव्हस’, म्हणजे बिघाड असलेला तीळ, ही संज्ञा रुजली, आणि कुटुंबांपुरती न राहता ती कोणाच्याही अंगावरच्या जरा वेड्यावाकड्या तिळाला लागू लागली. बर्नार्ड ॲकरमन यांच्यासारखा दिग्गज म्हणत राहिला की हा तर माणसांत आढळणारा सर्वांत सामान्य तीळ, याला कर्करोगपूर्व म्हणून लोकांना घाबरवू नका. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने ही संज्ञाच सोडावी, तिच्या जागी रचनेतला बिघाड आणि पेशींतला बिघाड वेगवेगळा नोंदवावा, अशी शिफारस केली. संज्ञा सुटली नाही. आजही रिपोर्टवर ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असे शेरे येतात आणि त्या एका विशेषणावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरते.

हे विशेषण किती भरवशाचे? १९९६ मध्ये आठ नामांकित तज्ज्ञांना ३७ स्लाइड दाखवल्या गेल्या, साध्या तिळापासून मेलॅनोमापर्यंतच्या. ३८ टक्के स्लाइडबाबत आठांपैकी दोघांचे किंवा त्याहून अधिक जणांचे मत इतरांपेक्षा वेगळे निघाले. हे गल्लीतले डॉक्टर नव्हते. ज्यांच्याकडे इतर लोक अडलेल्या केस पाठवतात, ते होते.

मग २०१७ मध्ये जोआन एलमोर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या दहा राज्यांतले १८७ पॅथॉलॉजिस्ट, २४० बायोप्सी, पाच वर्ग. पहिला वर्ग निर्धोक तिळाचा, पाचवा पुढे गेलेल्या मेलॅनोमाचा. तज्ज्ञमंडळाने एकमताने ठरवलेल्या निदानाशी पहिल्या वर्गात ९२ टक्के आणि पाचव्यात ७२ टक्के वाचने जुळली. मधल्या वर्गांत मात्र पाय घसरला: मध्यम बिघाडाच्या दुसऱ्या वर्गात २५ टक्के, तिसऱ्यात ४०, आणि नुकत्याच खोल शिरू लागलेल्या मेलॅनोमाच्या चौथ्या वर्गात ४३. चौथ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक वाचनांत त्या आजाराला दुसराच वर्ग मिळाला. याहून बोचरी गोष्ट अशी की आठ महिने किंवा अधिक काळाने त्याच पॅथॉलॉजिस्टला तीच स्लाइड पुन्हा दिली, तेव्हा दुसऱ्या वर्गात तो स्वतःशीदेखील फक्त ३५ टक्के वेळा सहमत झाला. अभ्यासासाठी अवघड केस मुद्दाम जास्त घेतल्या होत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. रोजच्या कामातले प्रमाण गृहीत धरून संशोधकांनी अंदाज बांधला तेव्हा सुमारे ८३ टक्के निदाने टिकणारी निघाली, ८ टक्के गरजेपेक्षा गंभीर आणि ९ टक्के गरजेपेक्षा सौम्य. म्हणजे दर सहा रिपोर्टांमागे साधारण एक डळमळीत.

आणि रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर या डळमळीतपणाची खूण नसते. हिमोग्लोबिन जसे आकड्यात छापून येते, तसेच ‘नीव्हस’ किंवा ‘मेलॅनोमा’ छापून येते. एक मोजमाप आहे, दुसरे मत आहे. कागदावर दोन्ही सारखी दिसतात.

चूक दोन्ही दिशांनी महाग पडते. गोऱ्या त्वचेच्या देशांत ती जास्तीच्या दिशेने झुकली आहे. अमेरिकेत १९८६ ते २००१ या काळात पासष्टीपुढच्या लोकांतल्या त्वचेच्या बायोप्सींचे प्रमाण अडीचपट झाले आणि मेलॅनोमाची निदाने २.४ पट झाली. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले, पुढच्या टप्प्यातल्या आजाराचेही. गिल्बर्ट वेल्च आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मांडले तेव्हा अर्थ उघड होता: जास्त शोधले म्हणून जास्त सापडले, पण त्यातले बरेचसे कधी कोणाचा जीव घेणारे नव्हतेच. आपल्याकडे चित्र उलटे आहे. इथे शोधलेच जात नाही. पाश्चात्त्यांच्या अतिनिदानाचे दाखले देऊन आपल्या निदानहीनतेचे समर्थन करणारे काही शहाणे भेटतात, त्यांना एवढेच सांगायचे की उपाशी माणसाला अजीर्णाचे पथ्य लागू पडत नाही.

आता जाळलेल्या तिळाकडे परत. अर्धवट जाळलेला तीळ अनेकदा पुन्हा उगवतो. खाली उरलेल्या पेशी व्रणातून वर येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते हुबेहूब मेलॅनोमासारखे असू शकते: वेडीवाकडी मांडणी, वर चढणाऱ्या पेशी, असमान रंग. कॉर्नबर्ग आणि ॲकरमन यांनी १९७५ मध्येच त्याला ‘स्यूडोमेलॅनोमा’ म्हटले. फरक ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे खालचा व्रण आणि ‘या जागी आधी काही काढले होते’ ही माहिती. शक्य असेल तर आधीची स्लाइड. आपल्याकडे आधीची स्लाइड नसतेच. माहितीही नसते, कारण पार्लरमध्ये तीळ जाळून घेतल्याचे डॉक्टरला सांगायला लोक लाजतात, आणि डॉक्टर फॉर्मवर लिहितो ‘पिगमेंटेड लीजन, फेस’. तीन शब्द. वय कधी असते, कधी नसते. किती दिवसांपासून आहे, वाढला का, रक्त आले का, घरात कोणाला होता का, पूर्वी काही केले का, यातले काहीही नसते. पॅथॉलॉजिस्टने डोळे बांधून निकाल द्यावा, अशी ही व्यवस्था. तळपायावरच्या साध्या तिळातही पेशी वर चढतात, हे ज्ञान कामाला येण्यासाठी तुकडा तळपायाचा आहे हे तरी फॉर्मवर लिहायला हवे ना?

उलट्या दिशेचा धोका अधिक भयंकर. जो तीळ मुळात मेलॅनोमा होता, त्याचा वरचा भाग जाळला तर आतला तसाच राहतो आणि वरून त्वचा बरी झालेली दिसते. त्यात सर्वांत महत्त्वाचे मोजमाप कायमचे जाते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की मेलॅनोमाचे भवितव्य त्याच्या जाडीशी बांधलेले आहे: बाह्यत्वचेच्या कणमय थरापासून सर्वांत खोल गेलेल्या पेशीपर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये. पन्नास वर्षांनंतरही सगळे गणित याच आकड्यावर चालते. २०१८ पासून लागू असलेल्या वर्गवारीत ०.८ मिलिमीटरला रेषा आहे. तिच्या अलीकडे आणि पलीकडे उपचारांचा विचार बदलतो, लसिकाग्रंथी तपासायची की नाही ते ठरते, भोवतालची किती त्वचा काढायची तेही जाडीवरच. जाळलेल्या किंवा वरवर तासलेल्या तुकड्यावर हा आकडा काढता येत नाही. अर्ध्या मिलिमीटरने आयुष्याचा हिशेब बदलतो आणि तो अर्धा मिलिमीटर धुराबरोबर गेलेला असतो.

सावळ्या त्वचेची आणखी एक अडचण आहे आणि ती प्रयोगशाळेतली आहे. शंका आली की पॅथॉलॉजिस्ट विशेष रंजके मागवतो: मेलॅन-ए, एचएमबी-४५, सॉक्स-१०, विभाजनासाठी केआय-६७, अलीकडे प्रेम नावाचे. नेहमीच्या पद्धतीत हा रंग तपकिरी उमटतो. मेलॅनिनही तपकिरीच. रंगद्रव्याने गच्च भरलेल्या तिळात कोणता तपकिरी रंजकाचा आणि कोणता मूळचा, हे ठरवताना अनुभवी माणूसही गोंधळतो. यावर साधे उपाय आहेत: लाल रंग देणारे रंजक वापरा, किंवा स्लाइडवरचे मेलॅनिन आधी विरंजित करा. यात गुप्त असे काही नाही. पण गुडघ्याचे पाणी, स्तनाची गाठ, पित्ताशय आणि तीळ हे सगळे एकाच दिवशी एकट्याने वाचणाऱ्या जिल्ह्याच्या गावातल्या पॅथॉलॉजिस्टकडे ही सोय नसते आणि तिचा आग्रह धरणारा रुग्णही नसतो. वर्षात एखादा मेलॅनोमा पाहणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एकटे सोडण्यात दोष आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करील, असे आता प्रत्येक परिषदेत ऐकू येते. करील कदाचित. पण यंत्राला शिकवायला ज्या स्लाइड देतात, त्यांच्यावर ‘हा मेलॅनोमा’, ‘हा नाही’ अशी चिठ्ठी कोण लावतो? तेच पॅथॉलॉजिस्ट, जे मधल्या वर्गात स्वतःशीही सहमत होत नाहीत. त्यात शिकवणीच्या संग्रहांत गोऱ्या त्वचेचे प्राबल्य. गोंधळाचा वेग वाढवून तो गोंधळ मिटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. उत्तम झाले. सही कोणाची, हे ठरले. मधल्या मुलुखातल्या तिळासाठी मात्र एक सही अपुरी आहे, आणि हे आता नियमात यायला हवे. एलमोर यांच्याच गटाच्या पुढच्या कामात दिसले की दुसरे आणि तिसरे वाचन घेतले की चुका कमी होतात, आणि वाचणारे सगळे त्वचेच्या पॅथॉलॉजीत मुरलेले असतील तर सर्वाधिक कमी होतात. चुका संपत मात्र नाहीत. म्हणून ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला नालायक ठरवण्याची आपल्या डॉक्टरांची आणि रुग्णांची खोडही गेली पाहिजे. तो माणूस प्रामाणिक असतो. लपवाछपवी न करता मत देणाऱ्याला शिक्षा आणि ठाम चूक करणाऱ्याला वाहवा, असा बाजार आपण मांडला आहे.

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरच्या ब्लॉक आणि स्लाइडचे फेरवाचन नेहमीच होते. स्लाइड स्कॅन करून दूरवर पाठवण्याचे तंत्र आहे. देशभरातल्या कर्करोग केंद्रांना जोडणारे राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडही आहे. मध्यम किंवा तीव्र बिघाडाचा प्रत्येक तीळ, प्रत्येक स्पिट्झ आणि प्रत्येक मेलॅनोमा उपचारापूर्वी दुसऱ्या, त्वचेच्या कामात मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टने पाहिलाच पाहिजे, असा दंडक घालायला नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. खर्चाचे म्हणाल तर दुसऱ्या वाचनाला लागणारी रक्कम ज्या लग्नासाठी तीळ काढला जातो, त्या लग्नाच्या मंडपातल्या फुलांइतकीही भरणार नाही. रुग्णांनीही ब्लॉक आणि स्लाइड मागायला शिकावे. एक्स-रे आपण घरी नेतो, तीच सवय इथेही हवी.

मुख्य जबाबदारी सरकारची. रंगीत तीळ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा तपासण्याच्या भिंगाने, पाहिल्याशिवाय, आणि जरा शंका असेल तर बायोप्सी केल्याशिवाय, सुई, लेझर किंवा आम्लाने काढण्यास साफ बंदी हवी. वैद्यकीय पात्रता नसलेल्याने तर त्याला हातही लावता कामा नये. तळपाय, तळहात आणि नखाखालच्या काळ्या डागाबद्दल आशाताईंना एक चित्रफलक आणि अर्ध्या तासाचे प्रशिक्षण द्यावे. घरोघरी कुष्ठरोग शोधताना त्या अंगावरचे चट्टे पाहतातच, तळवे उलटून पाहायला आणखी क्षणभर लागतो. राज्यात बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा, तालुका आणि महापालिका पातळीवर समित्या नेमलेल्या आहेत. त्यांच्या यादीत ‘तीळ काढून मिळेल’ या पाट्या अजून नाहीत. त्या पाट्या भर रस्त्यावर, दिव्यांच्या झगमगाटात लागलेल्या आहेत. समित्यांना शोधाशोधही करावी लागणार नाही. येत्या लग्नसराईआधी ही यादी दुरुस्त करून आरोग्य खात्याने पहिली नोटीस बजावावी.